महाट्रॅफिक ॲप: पैसे भरायला झकास, पण आधी फोटो बघा

ओव्हरस्पीडचा मेसेज आला की बहुतेक जण चिडतात, दोन शिव्या हासडतात आणि पैसे भरून मोकळे होतात. महाट्रॅफिक या महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ॲपचा खरा उपयोग पैसे भरण्याआधीच्या दोन मिनिटांत आहे.

गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची महाराष्ट्रातली चलनं समोर येतात. हे आकडे आरसीवर असतात. पैसे खात्यातून गेले आणि चलन तरीही ‘अनपेड’ दिसतंय, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. इथपर्यंत ॲपला पैकीच्या पैकी.

आता फोटो. तो झूम करून नंबरप्लेट एकेक अक्षर वाचा. ८ आणि बी, शून्य आणि डी, १ आणि ७ यांत कॅमेऱ्याची गल्लत होऊ शकते, आणि फॅन्सी प्लेट असेल तर बोलायलाच नको. गाडीचा रंग, मॉडेल, मागचा स्टिकर जुळतो का? नंबर तुमचा पण गाडी दुसरीच असेल, तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. अशा वेळी ॲपमधल्या तक्रारीवर न थांबता पोलिसांतही लेखी द्या. मग नोंदलेला वेग, लावलेली मर्यादा आणि ठिकाण बघा. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर कारला सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, त्यामुळे जागा चुकली तर सगळा हिशेबच बदलतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या चलनात फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम असायला हवं. यातलं काही नसेल तर तक्रारीत नेमकं तेच लिहा. ‘मी हळू चालवत होतो’ एवढ्याने काही होत नाही.

आणि हो, आधी भरून मग भांडू म्हणणाऱ्यांनी क्रम उलटा धरलाय. तडजोड रक्कम, म्हणजे चलनावरचा दंड, भरली की प्रकरण तिथेच मिटतं.

‘कॅमेऱ्यापाशी तर ८० ला होतो’ ही तक्रार एक्सप्रेसवेवर नेहमी ऐकू येते. तिथल्या यंत्रणेत सरासरी वेगही मोजला जातो. दोन कॅमेऱ्यांत १० किमी अंतर धरा. १०० च्या मर्यादेत ते कापायला ६ मिनिटं लागतात. तुम्ही ५ मिनिटांत पोहोचलात तर सरासरी १२० झाली, मग कॅमेऱ्याखाली ब्रेक दाबून काय उपयोग? घाटात तर हिशेब तोंडपाठ होण्यासारखा आहे: दर किलोमीटरला पूर्ण एक मिनिट.

दंडाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १ ते २ हजार, मध्यम आणि जड वाहनाला २ ते ४ हजार. हे आकडे सप्टेंबर २०१९ पासूनचे. वाहन हलकं असो वा जड, दुसऱ्यांदा सापडल्यावर लायसन्सही जप्त होतं. प्रकरण कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक चालवण्यात गेलं, तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

ॲप कमी पडतं ते वेगळ्या जागी. मोबाइल नंबर ‘वाहन’ या गाड्यांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर जुनाच असेल तर मेसेज येतच नाही आणि चलनं गुपचूप साठत जातात. तो नंबर ॲपमध्ये नाही, केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ साइटवर बदलावा लागतो. गाडी गोव्याला किंवा कर्नाटकात नेली असेल तर तिथलं चलन इथे शोधू नका, ते परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर बघा. जुनी गाडी विकून नाव बदलायचं राहिलं असेल तर नव्या मालकाची हौस तुमच्या नावावर जमा होते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० सही करून दिलेत म्हणजे काम झालं असं नव्हे, आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा.

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली, तर ती न उघडता डिलीट करा. सरकारी चलन एपीकेमधून येत नाही आणि सरकारी साइटचा पत्ता डॉट गव्ह डॉट इनवर संपतो.