प्लेट कूलर घेताना : यू मांडणी की झेड मांडणी?

बेळगावच्या उद्यमबागेतील हायड्रॉलिक पॉवर पॅक असो वा निपाणी-चिकोडी पट्ट्यातील दूध शीतकरण केंद्र, प्लेट कूलर (एकमेकींवर दाबून बसवलेल्या पातळ प्लेटांच्या फटींतून गरम आणि थंड द्रव आलटून-पालटून वाहवणारे शीतक यंत्र) मागवताना बोलणी बहुधा प्लेटांची संख्या आणि किंमत यांवरच थांबतात. त्या सगळ्या प्लेटांना द्रव सारखा मिळणार का, हे क्वचितच कोणी विचारतो.

यू मांडणीत प्रवेश आणि निर्गम ही दोन्ही तोंडे पुढच्या स्थिर चौकटीवर असतात. झेडमध्ये द्रव पुढून शिरतो आणि मागच्या सरकत्या चौकटीतून बाहेर पडतो. झेडमध्ये कोणत्याही प्लेटेतून गेले तरी वाट सारख्याच लांबीची, म्हणून वाटपही सारखे, असा समज सर्रास आढळतो. घर्षणाचा अंमल असलेल्या लांब पाइपलाइनीत हा तर्क चालतो. प्लेटांच्या गठ्ठ्यातील पोर्टची, म्हणजे प्लेटांच्या कोपऱ्यांतील भोके जुळून झालेल्या नळीची, वाट मात्र आखूड असते. तेथे पाणी प्लेटांमध्ये फुटत जाते तसा उरलेल्याचा वेग मंदावून दाब वाढतो, तर निर्गमाच्या पोर्टमध्ये पाणी गोळा होत वेग घेते आणि तोंडाकडे दाब उतरतो. यूमध्ये दोन्ही दाब मागच्या टोकाकडे चढतात, त्यामुळे त्यांतील फरक कमी बदलतो आणि पुढच्या प्लेटांना थोडे अधिक पाणी मिळते. झेडमध्ये त्याच दिशेने एक चढतो, दुसरा उतरतो, आणि मागच्या प्लेटा पुढच्यांच्या वाट्याचे पाणी ओढतात.

शिवाय यूमध्ये पाइप न सोडता कूलर उघडता येतो. पावसाळ्यात मलप्रभेचे गढूळ पाणी वापरणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही यू म्हणजे निश्चिंती नव्हे. पोर्टमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर असेल तर त्याचा गतिज दाब (वेगामुळे असणारा दाब) सुमारे 0.02 बार भरतो. प्लेटांमधील दाबघट, म्हणजे त्यांतून जाताना कमी होणारा दाब, 0.5 बार धरली तर तो तिच्या 4 टक्के होतो; हा वाटा वाढेल तसे वाटप बिघडते. पुढे त्याच चौकटीत प्लेटा आणि प्रवाह दोन्ही दुप्पट केले, तर प्रत्येक प्लेटेतील दाबघट तितकीच राहते, पोर्टमधील गतिज दाब मात्र चौपट होऊन 16 टक्क्यांवर जातो. सीमाभागातील एका शीतकरण केंद्रात अशा वाढवलेल्या प्लेटा आम्ही उघडल्या, तेव्हा पुढच्या लखलखीत होत्या आणि सरकत्या चौकटीलगतच्या प्लेटांवर बोअरच्या जड पाण्याचा चुना भिंतीला सफेदी द्यावी तसा बसला होता. प्रवाह कमी तेथे क्षार आधी धरतात, आणि क्षार धरले की प्रवाह आणखी घटतो.

तेलाचे गणित निराळे आहे. घट्ट तेलाची प्लेटांमधील दाबघटच मोठी असल्याने पोर्टचा प्रभाव झाकला जातो. पण ज्या फटीत तेल कमी जाते तेथे ते अधिक थंड होते, अधिक घट्ट होते आणि आणखी रेंगाळते.

द्रव दोन फेऱ्यांत, म्हणजे आधी अर्ध्या प्लेटांतून आणि मग उरलेल्या अर्ध्यांतून, फिरवला तर वाटप सुधारते. मात्र दाबघट सहा-सात पटींनी वाढते, पंप मोठा लागतो आणि पाइप दोन्ही चौकटींना जोडावे लागतात. म्हणून पंपाला मुबलक दाब असल्याखेरीज मी तो मार्ग सुचवत नाही. पुढे प्लेटा वाढवायच्या असतील तर यू मांडणीच घ्यावी, पोर्ट आजच एक माप मोठे मागावे, आणि सगळ्या प्लेटा बसवल्यावर पोर्टमध्ये किती वेग होईल तो आकडा कोटेशनमध्ये लिहून घ्यावा.