हरभऱ्याच्या थंडीसाठी मायक्रोआरएनए की एसआयआरएनए?

अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकणारी भाची दिवाळीत विचारत होती, "मामा, प्रबंधाला मायक्रोआरएनए घेऊ की एसआयआरएनए?" दोन्ही म्हणजे झाडातले आरएनएचे बारके तुकडे, जनुकांचं काम दाबणारे. थंडी वाढली की फुलं गळतात, घाटे धरत नाहीत, हे तिनं आमच्याच वावरात पाहिलंय.

काम कसं चालतं ते आधी. मायक्रोआरएनए झाडाच्या स्वतःच्या जनुकातून येतो. धागा केसाच्या पिनेसारखा दुमडतो, विकर (एन्झाइम) त्यातून साधारण २१ अक्षरांचा, म्हणजे आरएनएच्या २१ घटकांचा, तुकडा कापतं आणि तो तुकडा जुळणारा संदेशवाहक आरएनए (जनुकाचा निरोप प्रथिन बनवायला नेणारा) गाठून तोडतो किंवा दाबतो. एसआयआरएनए लांब दुपदरी आरएनएतून निघतो. त्यातले २४ अक्षरी डीएनएवर मेथिलची रासायनिक खूण चढवायला लावून जनुक बंद करतात. ही खूण पेशी विभागल्यावरही टिकू शकते, म्हणून मला तो विषय फार मोलाचा वाटतो.

थंडीचा पुरावा मात्र मायक्रोआरएनएकडे जास्त ठोस आहे. भातात मायक्रोआरएनए ३१९ वाढवला तेव्हा रोपांनी थंडी जास्त सोसली. शिवाय असे बरेच तुकडे पिकापिकांत जवळपास सारखेच असतात, त्यामुळे हरभऱ्यात शोधणं सोपं.

खर्चातही तोच हलका: ओळखीचे तुकडे क्यूपीसीआरवर (प्रती वाढवत मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता येतात. एसआयआरएनएला सिक्वेन्सिंग (अक्षरांचा क्रम वाचणं), मेथिलेशनची, म्हणजे त्या मेथिलच्या खुणांची मोजणी आणि संगणकावरचं बरंच विश्लेषण लागतं.

दोन वर्षांत एमएस्सी उरकायची असेल तर बाई, मायक्रोआरएनएच घे. पीएचडीचा वेळ आणि चांगली प्रयोगशाळा हाताशी असेल, तर एसआयआरएनए.