क्रोशे की इंटरलॉक? कुरळ्या केसांचे लांब ड्रेड्स आणि नागपूरची हवा

केस जन्मतः कुरळे आहेत, ड्रेड्स (केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा) करायचं मनात पक्कं झालंय आणि ते लांबच ठेवायचेत, असं धरून लिहितोय. ड्रेड्स धुता येतात का (येतात, आणि धुवावेच लागतात), नोकरीवर चालतात का, नंतर टक्कल करावं लागतं का, या चर्चेत जात नाही. माझ्या मते खरा प्रश्न मुळांचा आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात आणि ती नवी वाढ दर दीड-दोन महिन्यांनी कशीतरी बटेत सामील करून घ्यावी लागते. ती कशाने करायची, यावर पुढची कैक वर्षं ठरतात.

काही पर्याय आधीच बाजूला काढतो. उलटा कंगवा फिरवून केस गुंतवणं हा सरळ केसांचा नाइलाज आहे, कुरळ्यांना त्याची गरजच नाही. मेण लावायला कुणी सांगितलं तर हसून मान डोलवा आणि लावू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पार जातो, तेव्हा ते पाघळतं, रस्त्यावरची धूळ धरून ठेवतं आणि शाम्पूने निघत नाही. दोन पदरी पीळ घालून तळहातांमध्ये वळत राहणं, म्हणजे पामरोल, ही पद्धत दिसायला सगळ्यात सुंदर. पण आपले कुरळे केस आफ्रिकी केसांइतके घट्ट वळणाचे नसतात. पाणी लागलं की पीळ सुटायला लागतो. उन्हाळ्यात घामाने डोकं चिकट होतं, दोन-तीन दिवसांनी धुवावंसं वाटतं आणि प्रत्येक धुण्यात आठवड्याची मेहनत नाल्यात जाते. थंड गावी राहणाऱ्याने पामरोलचा विचार जरूर करावा.

फ्रीफॉर्मबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण कुरळ्या केसांना तो रस्ता मनापासून जमतो. काहीच करायचं नाही, केस आपापसात गुंततील तसे गुंतू द्यायचे. अडचण केसांची नाही, घरच्यांची आहे. मराठी घरात आपोआप गुंतलेल्या केसांना दुसरंच नाव आहे. जट आली की देवीचं बोलावणं आलं असं मानून बायकांनी आयुष्यभर ते ओझं वागवल्याच्या कहाण्या आपल्याकडे आहेत, आणि अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन, समजूत घालून जट सोडवतात. त्यामुळे डोक्यावर वेड्यावाकड्या बटा दिसल्या की एक पिढी घाबरते आणि दुसरी हात जोडते. माझ्या मोठ्या मावशीने दोन्ही केलं. “काऊन रे बापा, कोनाचा नवस होता?” असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधी कपाळाला हात लावला. भांग चौकोनी, टाळू स्वच्छ, बटा एका जाडीच्या असल्या की हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. म्हणून फ्रीफॉर्मही बाजूला.

उरले दोन. क्रोशेमध्ये अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची बारीक पोलादी सुई बटेत आडवी खुपसून सुटे केस आत ओढतात, पुन्हा, पुन्हा, शेकडो वेळा, बट कडक होईपर्यंत. इंटरलॉकमध्ये बटेचं टोक मुळाशी उगवलेल्या केसांच्या मधून आरपार ओढून घ्यायचं. एकदा वरून खाली, मग उजवीकडून डावीकडे, मग खालून वर, मग डावीकडून उजवीकडे. दिशा बदलली नाही तर मुळाशी भोक पडतं आणि बट तिथे दोन पायांची होते.

माझ्या डोक्यावर दोन्ही आहेत, म्हणून हे लिहायचं धाडस. सुरुवात क्रोशेने झाली, कारण जो मुलगा करायला मिळाला त्याला तेच येत होतं. तो दुसऱ्या शहरी गेल्यावर मुळं मी इंटरलॉकने सांभाळू लागलो. आता केस पाठीच्या मध्यापर्यंत आहेत आणि प्रत्येक बटेचा खालचा अर्धा भाग क्रोशेचा, वरचा अर्धा इंटरलॉकचा आहे. एकच डोकं, एकच पाणी, एकच शाम्पू.

क्रोशेचं कौतुक आधी, कारण ते खरं आहे. खुर्चीतून उठताना केस तयार असतात. वाट पाहणं नाही, मधले विस्कटलेले महिने नाहीत. सात-आठ तास बसलात की संध्याकाळी लग्नाला जाऊ शकता. कुरळ्या केसांचे सगळीकडे उभे राहणारे तंतू क्रोशे जितके सफाईने गिळते तितके दुसरं काही गिळत नाही. टोकं गोल होतात, जाडी वरपासून खालपर्यंत सारखी राहते. इंटरलॉकची नवी वाढ सुरुवातीला विणलेल्या दोरीसारखी दिसते, खरं सांगायचं तर थोडी कुरूप. कुरळेपणा हळूहळू ती वीण भरून काढतो, पण त्याला महिने लागतात आणि तोवर तंतू बाहेर डोकावत राहतात. फोटोत क्रोशेच जिंकते.

सुईने केस तुटतात, हा क्रोशेवरचा नेहमीचा आक्षेप. तुटतात. दर बैठकीनंतर खाली पसरलेल्या चादरीवर अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे दिसायचे. पण हात हलका असेल तर फार नाही, आणि इंटरलॉकही काही साधूसंत नाही. जास्त घट्ट ओढलं की कपाळाच्या कडेला आणि कानशिलाला बारीक फोड येतात, पहिल्या दोन रात्री उशीवर डोकं टेकवत नाही. असंच सतत ओढत राहिलं तर त्या जागचे केस विरळ होतात आणि मग परत येतीलच असं नाही. या एका बाबतीत दोन्ही सारखे. दुखलं तर थांबायचं, “सवय होईल” म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

इंटरलॉकची दुसरी कटकट लांबीची आहे. केस खांद्यापर्यंत असताना टोक मुळातून ओढणं दोन सेकंदांचं काम असतं. पाठीच्या मध्यापर्यंत आले की पूर्ण दोन फुटांची बट त्या बारीकशा फटीतून सरकवायची, ती मध्येच अडते, हात भरून येतात. मागची बाजू आरशात दिसत नाही, बोटांनीच दिशा ओळखावी लागते. मी डोक्याच्या मागच्या अर्ध्या भागासाठी बहिणीला बसवतो आणि ती त्याचा मोबदला तर्री-पोहे आणि टोमण्यांच्या रूपात वसूल करते. क्रोशेला टोक ओढावं लागत नाही, लांबीने काही फरक पडत नाही. पण त्याला बहुतेकदा दुसरा माणूस लागतो, आणि तो सफाईदार हाताचा लागतो. पुण्या-मुंबईत असे लोक जास्त मिळतात. आपल्याकडे ओळखीतून शोधावे लागतात आणि एकदा सापडलेला माणूस टिकेलच असं नाही.

इथवर पारडं जवळपास सारखं आहे. माझ्यासाठी ते झुकलं एका क्षुल्लक गोष्टीने: वाळणं.

मृग कोरडा गेला तर गोष्ट वेगळी, पण एकदा पावसाने जोर धरला की नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेला पाणी सुटतं. दोरीवरचे कपडे दोन दिवस ओले राहतात, तिथे ड्रेड्सचं काय. सकाळी आठला डोकं धुतलं, बटा दाबून पाणी काढलं, पंख्याखाली बसलो. दुपारी बट हातात घेऊन वरच्या भागाला अंगठा-तर्जनीत दाबावं तर कोरडा, थोडा उबदार. तसंच बोट खाली सरकवत न्यायचं. जिथे क्रोशेचा भाग सुरू होतो तिथे बट एकदम थंड लागते. दाबली की बोटावर ओल येते, बाहेरून मात्र कोरडी दिसते. रात्री दहालाही तीच अवस्था. क्रोशेने आतले केस इतके आवळलेले असतात की पाणी आत जातं आरामात आणि बाहेर यायला वाट शोधत बसतं.

ओल तशीच राहिली की वास येतो. बादलीत विसरलेल्या ओल्या पोछ्याचा असतो, तोच. घरात एक वेळ चालून जातं. पण या शहरात दुचाकीशिवाय भागत नाही आणि हेल्मेटशिवाय पोलीस सोडत नाहीत. वर्धा रोडवर सिग्नलला उभं राहून आपल्याच डोक्याचा वास हेल्मेटच्या काचेआड घ्यायचा, हा अनुभव क्रोशेच्या कुठल्याही फोटोत दिसत नाही. ऑफिसच्या लिफ्टमध्ये शेजारचा माणूस काही बोलत नाही, फक्त आकड्यांकडे जरा जास्तच लक्ष देऊन पाहतो.

आता याला आक्षेप घेता येईल आणि तो बरोबर असेल. माझा खालचा भाग क्रोशेचा आहे तसा जुनाही आहे, आणि बट वयाने आपोआप घट्ट होतच जाते. जाडीचाही हात असतो. पेन्सिलीएवढ्या बटा असतील तर क्रोशेच्याही बऱ्या वाळत असाव्यात. माझ्या करंगळीएवढ्या आहेत. आणि मे अखेरच्या नवतपाच्या दिवसांत या सगळ्या वादाला काही अर्थ नाही, गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं की दोन्ही भाग खडखडीत होतात, फक्त टाळू भाजते. तुमच्या बटा पातळ असतील आणि तुम्ही फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी धूत असाल, तर क्रोशे तुम्हाला कदाचित काहीच त्रास देणार नाही. मला मात्र जून ते सप्टेंबर हे चार महिने दरवर्षी येतात.

थंडीतही फरक जाणवतो, पण वेगळ्या कारणाने. आजीच्या हट्टाने खोबरेल लावलं तर डिसेंबरात ते बटेच्या आत गोठतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं आणि आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे पारा 10 च्या आसपास उतरतो. इंटरलॉकच्या भागात ते कोमट पाण्याने निघून येतं. क्रोशेच्या भागात पांढरट थर राहतो आणि मग लोक विचारतात, “कोंडा हाय का बे?” टाळूला तेल लावायचंच असेल तर दोन-चार थेंब, बोटाच्या टोकाने, फक्त भांगात. शिकेकाईचंही तसंच. पूड थेट डोक्यावर ओतली तर तिचे कण आयुष्यभर सोबत राहतील. रिठा-शिकेकाई उकळून, दुपट्ट्यातून दोनदा गाळून, फक्त पाणी वापरलं तर उत्तम. अंगाचा साबण डोक्याला नको, आणि घरात कन्हान-पेंचच्या नळाऐवजी बोअरचं पाणी असेल तर मुळीच नको. जड पाण्यात साबणाची साय होते आणि ती घट्ट बटेत बसली की निघत नाही. सोड्याने धुवायचे सल्ले मिळतील. सोडा अल्कधर्मी आहे, केस खरखरीत करतो, मी वर्षातून एखाद्या वेळेपलीकडे जाणार नाही.

पुसायला टर्किश टॉवेल घेऊ नका, त्याचे पांढरे धागे बटेत अडकतात. घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा पंचा घ्या. बट पिळायची नाही, पंच्यात गुंडाळून वरून खाली दाबत यायचं. धुवायची वेळ सकाळचीच. रात्री धुऊन ओल्या डोक्याने झोपणं क्रोशेवाल्यांना अजिबात परवडत नाही, इंटरलॉकवाल्यांनीही करू नये, मी मात्र कधीकधी करतो. हेल्मेटसाठी बटा मानेशी, खाली, सैल बांधायच्या. डोक्यावर बुचडा घालून वरून हेल्मेट दाबलं की मुळं ओढली जातात आणि हेल्मेटही नीट बसत नाही.

मग तुम्ही काय करायचं? कुणाच्या लग्नाआधी, समारंभाआधी तयार ड्रेड्स हवे असतील, हात सराईत असलेला माणूस मिळाला असेल, तर क्रोशेने सुरुवात करायला हरकत नाही. फक्त त्याला सांगा की बटा पातळ काढ आणि दगडासारख्या आवळू नकोस, आतून थोडी हवा जाऊ दे. पुढची मुळं मात्र इंटरलॉकने घ्या, घरी, स्वतः. घाई नसेल तर सुरुवातच इंटरलॉकने करा. पहिले सहा महिने लोक “हे काय करून राह्यला?” विचारतील, ते तसंही विचारणारच आहेत.

ऋतू मात्र निवडून घ्या. ऑक्टोबरचा उकाडा सरला की दिवाळीच्या मागेपुढे बसा. तेव्हा घाम कमी असतो, धुणं कमी लागतं, नव्या बटांना मृगापर्यंत बसायला वेळ मिळतो. आणि इंटरलॉकचं हत्यार, म्हणजे बटेचं टोक मुळातून ओढायची कड्याची सुई, घेताना कड्याचं टोक बोटावर घासून पाहा. जराही खरखर लागली तर दुसरं घ्या, तीच खरखर दर दोन महिन्यांनी तुमच्या मुळांतून जाणार आहे.