ऑर्डर देऊन बनवून घेतलेला मॉड्यूलर ट्रेन लेआउट: वर्षभर चालवल्यानंतर

एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाचा मॉडेल रेल्वेचा लेआउट (रूळ, स्टेशन, देखावा यांची मांडणी) एका कारागिराकडून मापं देऊन करून घेतला, त्याला आता वर्ष होत आलं. भिंतीलगत काटकोनात सहा मॉड्यूल (सुटे करून पुन्हा जोडता येणारे भाग), एका टोकाला स्टेशन आणि यार्ड (डबे लावायचे रूळ), दुसऱ्या टोकाला डोंगराआड लपवलेलं स्टेजिंग (गाड्या नजरेआड उभ्या करायची जागा). सुरुवातीलाच लिहायला बसलो असतो, तर गवत, झाडं आणि खडीच्या रंगाचंच कौतुक केलं असतं. ते काम सुरेख आहेच. पण पैसे वसूल झाले ते मॉड्यूलच्या कडांवर आणि फळीच्या खाली.

एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इतक्या लहान मापात जोडावर रूळ किंचित जरी सरकला तरी चाक त्याच्या टोकावर चढतं आणि डबा घसरतो. इथे प्रत्येक कडेला पितळी डॉवेल (समोरच्या कडेत नेमक्या बसणाऱ्या खुंट्या) आहेत. मॉड्यूल नेमक्या जागी आणायचं काम डॉवेलचं, बोल्ट फक्त आवळून धरतात. बोल्टचं भोक नेहमी थोडं सैल असतं, त्यामुळे नुसत्या बोल्टवर भागवलेले जोड प्रत्येक जुळणीत वेगळे बसतात. शिवाय कडेचे रूळ प्लॅस्टिकच्या स्लीपरवर न सोडता पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) पट्ट्यांवर सोल्डर केले आहेत (पट्टीवरचा तांब्याचा थर मधोमध कापून, नाहीतर तिथेच शॉर्ट व्हायचा). मध्यंतरी खोली बदलली, सगळं उतरवून पुन्हा लावलं. जोडांवर एकही डबा घसरला नाही.

वायरिंग डीसीसीचं आहे, म्हणजे रुळांतूनच वीज आणि प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश जातात. खालून जाड बस वायर (मुख्य तार), आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर (तिथून वर आलेली जोडतार). रूळ जोडणारे जॉइनर कालांतराने सैल आणि मळकट होतात, त्यांच्या भरवशावर वीज पुढे न्यायची नाही, हा कारागिराचा हट्ट होता आणि तो रास्त निघाला. ताबा घेताना मी नाण्याची चाचणी करून मागितली. रुळांवर कुठेही नाणं आडवं ठेवलं की बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने) तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. नाही तोडली, तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि मग खऱ्या शॉर्टमध्ये चाकं, बोगी, प्लॅस्टिक तापत राहतं. त्यांनी न कुरकुरता प्रत्येक मॉड्यूलवर, यार्डातल्या शेवटच्या टोकापर्यंत नाणं ठेवून दाखवलं. लेआउट बनवून घेणाऱ्या कोणीही ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

पॉइंटचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेचे) फ्रॉगही, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, विजेने जिवंत ठेवले आहेत, त्यामुळे चार चाकांचं लहान शंटिंग इंजिन मुंगीच्या चालीने सुद्धा अडत नाही.

तक्रारी दोन. हवा कोरडी झाल्यावर एक ब्लॉक (विजेसाठी वेगळा ठेवलेला रुळांचा भाग) अचानक शॉर्ट दाखवू लागला. लाकूड आकसलं होतं आणि दोन ब्लॉकांमधली रुळातली फट मिटून रूळ एकमेकांना टेकले होते. फटीत स्टायरीनचा (प्लॅस्टिकचा) तुकडा चिकटवून ती घासून घेतली असती तर हे झालं नसतं. कारागिराने येऊन सगळ्याच फटी तशा भरून दिल्या, पण हे काम मुळातच व्हायला हवं होतं.

दुसरी तक्रार त्या डोंगराची. हात साधारण ७५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो, आणि स्टेजिंगचा मागचा रूळ त्यापलीकडे आहे. डोंगर उचलून निघतो हे खरं, पण उचलायला दोघं लागतात. आत डबा घसरला की खेळ थांबलाच. नकाशात हे सगळं ऐटदार दिसतं.

देखभाल फारशी नाही. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसतो, तेही कापड जेमतेम ओलसर ठेवून. खडी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने बसवलेली असते, तिच्यावर ओघळ गेला की ती सुटू शकते. सोबत मिळालेली वायरिंगची वही मात्र सोन्याची. वायरचे रंग, पॉइंटचे पत्ते, सगळं त्यात आहे. तिच्यामुळेच तो शॉर्ट शोधायला अख्खा लेआउट उपसावा लागला नाही.

आता सातवं मॉड्यूल त्यांच्याकडूनच करून घेतोय. त्याचं बाहेरचं टोक फ्री-मोच्या (वेगवेगळ्या लोकांची मॉड्यूल एकमेकांना जोडता यावीत म्हणून ठरवलेल्या मानकाच्या) मापाचं मागितलंय, म्हणजे जमिनीपासून रूळ ५० इंचांवर, म्हणून पायही उंची बदलता येणारे हवेत. इतरांच्या मॉड्यूलला कधीतरी जोडायची इच्छा असेल, तर हे पहिल्याच बैठकीत सांगा. तयार कड नंतर बदलायची म्हणजे तेवढा भाग तोडून नव्याने रूळ घालणं आलं.