जुळे सोलापुरातला मुलांचा स्पॅनिश वर्ग: 'ओला' पक्कं, 'आन्यो' कच्चं

'मला आंबा आवडतो' आणि 'मे गुस्ता एल मांगो'. दोन्हीकडे ज्याला आवडतं तो 'मला'त बसतो आणि क्रियापद आंब्यामागे चालतं. आंबे एकाहून जास्त झाले की आपण 'आवडतात' म्हणतो, तिकडे 'गुस्तान' होतं. हेच इंग्रजीच्या 'आय लाइक'वरून शिकवलं की मूल 'यो गुस्तो' म्हणून मोकळं होतं आणि ती खोड सहजी जात नाही. या वर्गात हे वाक्य पहिल्याच महिन्यात थेट मराठीवरून शिकवतात. फी वसूल होते ती इथे.

वर्ग ७ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे. १२ आठवडे, आठवड्यातून दोन तासिका, प्रत्येकी ४५ मिनिटांची. फी ४,२०० रुपये, म्हणजे तासिकेला १७५. या वयाला ४५ मिनिटं पुरेशी आहेत, पण एका तुकडीत १४ मुलं जास्त होतात. शिक्षिकेचं बोलणं वजा केलं तर एकेकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम दोन मिनिटं येतात. दहाच्या वर मुलं घेऊ नयेत. उन्हाळ्याची तुकडी दुपारी ४ वाजता ठेवणं तर सोलापुरात धाडसच. पहिली दहा मिनिटं पाण्याच्या बाटल्यांतच जातात.

उच्चारांवर मेहनत दिसते. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच, जीभ दातांना टेकवून होतात, त्यामुळे 'तोमाते' मुलांना पहिल्या फटक्यात जमतं. नमस्कारासाठी 'होला' लिहायचं आणि 'ओला' म्हणायचं, कारण तिथला ह मुका असतो. ओला म्हणजे भिजलेला, यावर एकदा हशा पिकला की तो ह पुन्हा कुणी उच्चारत नाही. 'हामोन' (डुकराचं खारवलेलं मांस) मधला पहिला आवाज स्पेनमध्ये घशातून, खरखरीत येतो. घरी दख्खनी बोलणारी मुलं तो 'खबर'मधल्या ख सारखा बिनचूक काढतात, बाकीची साधा ह म्हणतात. कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत साधा ह चालतो, म्हणून शिक्षिका तिथे अडून बसत नाहीत. ते बरोबरच आहे.

गाडी अडते ती र वर. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. आपला र जिभेच्या एका टिचकीचा, पहिल्या शब्दाला तो पुरतो. दुसऱ्यासाठी जीभ वरच्या दातांमागे सैल ठेवून हवा जोरात सोडायची, म्हणजे ती आपोआप फडफडते. 'भुर्र'चा र लांबवून सुरुवात करून घेतात, झकास युक्ती आहे. पण शब्दाच्या सुरुवातीचा र लिहायला एकेरी असला तरी म्हणायला फडफडताच असतो, हे सांगायचं राहून जातं. म्हणून सगळी तुकडी 'रोखो' (लाल) आणि 'रातोन' (उंदीर) मराठी र नेच म्हणते.

भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता २९ अक्षरांचा आहे. २०१० साली स्पॅनिश अकादमीने 'चे' आणि 'एय्ये' ही जोडाक्षरं वर्णमालेतून वगळली, तेव्हापासून अक्षरं २७. तक्ता बदलायला कितीसा खर्च येतो! वह्या स्पेनच्या, गाणी मेक्सिकोची, त्यामुळे पाच हा आकडा वहीच्या ध्वनिफितीत 'थिंको' आणि गाण्यात 'सिंको' ऐकू येतो. दोन्ही बरोबर आहेत, पण पहिले तीन महिने एकच धरावं.

सगळ्यात रंगतो तो लोतेरिया या मेक्सिकन खेळाचा डाव. आपल्या हाउजीसारखाच, फक्त आकड्यांऐवजी चित्रं. ५४ पत्ते, प्रत्येकाकडे चार बाय चारची पाटी, म्हणजे १६ घरं. पत्ता निघाला की 'एल गायो' म्हणजे कोंबडा असं सगळ्यांनी ओरडायचं आणि घरावर दाणा ठेवायचा. १४ क्रमांकाचा मृत्यू आणि २५ क्रमांकाचा दारुडा हे पत्ते इथे आधीच काढून ठेवतात, हे उत्तम. दाणे मात्र तुरीचे किंवा घेवड्याचे हवेत. शेंगदाणे ठेवले की डाव संपायच्या आत पोटात जातात, आणि सोलापुरी पोराला त्याबद्दल बोल लावता येत नाही. त्या निमित्ताने शेंगदाण्याला स्पेनमध्ये 'काकावेते', मेक्सिकोत 'काकावाते' आणि दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'मानी' म्हणतात, हे मुलांना छान पाठ होतं. टॉवेलला 'तोआया' म्हणतात हे इथल्या पोरांना शिकवलं नाही तर कुणाला शिकवायचं? पण शब्दयादीत टॉवेलही नाही आणि चादरीची 'मांता'ही नाही. हातमोजे मात्र आहेत.

संस्कृतीच्या नावाखाली कागदी सोंब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी) घालून फोटो, एवढ्यावर भागवत नाहीत. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा आणि तिथे १ व २ नोव्हेंबरला पितरांसाठी त्याच फुलांची आरास होते, हे फुलं हातात देऊन सांगतात. दिवाळीच्या सुट्टीमुळे हा तास दसऱ्याच्या आठवड्यातच उरकावा लागतो. ३१ डिसेंबरच्या बारा टोल्यांना बारा द्राक्षं खायची स्पेनची रीतही करून घेतात. द्राक्षं उभी चिरून द्या, घाईत अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं.

गृहपाठाच्या व्हॉट्सॲप गटावर मोठी चूक होते. 'तेंगो ओचो आन्योस', म्हणजे मी आठ वर्षांची, हे वाक्य एन (n) वरची लाटेसारखी खूण (ñ) न देता पाठवलं जातं. मग वर्षांच्या जागी गुदद्वार येतं! फोनवर एन दाबून धरला की लाटेचं अक्षर मिळतं, दोन सेकंदांचं काम आहे.

जाहिरातीतल्या 'ए१' (सर्वात प्राथमिक पातळी) प्रमाणपत्राला भुलू नका. देले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेची शालेय आवृत्ती ११ ते १७ वयासाठी असते, आठ वर्षांच्या मुलाला मिळणारा कागद वर्गाचा स्वतःचा असतो. शनिवारची पहिली तासिका फुकट बसून पाहता येते. शेवटच्या रांगेत बसा आणि आपल्या पोराच्या वाट्याला किती वाक्यं येतात ती मोजा. पाचाहून कमी आली तर छोट्या तुकडीसाठी थांबा.