जम्बो गिटारला कुठल्या गेजच्या तारा? अकरा महिने आणि चार सेट वापरल्यानंतर

माझी जम्बो, म्हणजे मोठ्या अंगाची अकॉस्टिक गिटार, गेले अकरा महिने जवळजवळ रोज वाजते आहे. एवढ्या काळात तिच्यावर चार वेगवेगळ्या गेजच्या, म्हणजे जाडीच्या, तारा चढल्या आणि उतरल्या. आज जी जोडणी लावली आहे ती अशी: पहिली तार १३, दुसरी १७, आणि बाकीच्या चार लाइट सेटमधल्या, म्हणजे २४, ३२, ४२ आणि ५३. इथवर कसा पोचलो ते सविस्तर लिहितो, कारण सुरुवात मी नेमकी उलट्या टोकाने केली होती.

आधी माझं वाजवणं काय आहे ते सांगायला हवं. धाकटी बहीण गाते, मी साथ करतो. निम्मा वेळ पिकने स्ट्रमिंग, निम्मा वेळ बोटांनी. सोलो फार कमी. गिटारचं अंग खालच्या बाजूला १७ इंच रुंद आहे, म्हणजे ४३ सेंटिमीटर. नेहमीच्या आकाराची गिटार, जिला ड्रेडनॉट म्हणतात, ४० च्या आसपास असते. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच. घेतली तेव्हा तिच्यावर १२-५३ च्या, म्हणजे लाइट सेटच्या (पहिली तार १२, सहावी ५३) जुन्या, मंद झालेल्या तारा होत्या.

एवढं मोठं टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, हलवायचं तर तारही तशीच दणकट हवी, हा विचार मला तेव्हा बिनतोड वाटला. म्हणून पहिलाच सेट मीडियम लावला, १३-५६, धातू फॉस्फर ब्राँझ. पहिला आठवडा मी खूश होतो. पिक कितीही जोरात मारलं तरी तार दबत नव्हती, आवाज फाटत नव्हता. ‘जी’ची (G) कॉर्ड वाजवली की टॉपची थरथर पोटाला जाणवायची.

दुसऱ्या आठवड्यापासून हात बोलायला लागला. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, एफचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) धरून तिसरं कडवं येईपर्यंत तर्जनीच्या कडेला तारेची खोल रेघ उमटायची आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. सरावाने जाईल म्हणून अडीच महिने काढले. घट्टे पडले, पण कळ गेली नाही. कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावला की बरं वाटायचं, म्हणून मी गरज नसताना कॅपो लावायला लागलो, आणि मग गाण्याची पट्टी बहिणीच्या गळ्यावर ठरण्याऐवजी माझ्या बोटांवर ठरायला लागली. हे चूक होतं.

१२ आणि १३ मध्ये फरक तो केवढा, असं वाटतं. गेजचा आकडा म्हणजे इंचाचे हजारावे भाग. १२ ची तार ०.३० मिलिमीटर, १३ ची ०.३३. डोळ्यांना दिसणारही नाही एवढाच फरक. पण सूर तोच आणि लांबी तीच ठेवली तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १२ वरून १३ वर गेलं की पहिल्या तारेचा ताण थेट १७ टक्के चढतो. २५.५ इंची स्केलवर १२ ची पहिली तार साधारण १०.६ किलोने खेचते, १३ ची १२.४ किलोने. सहाही तारा धरल्या तर लाइट सेटची खेच ७४ किलोंच्या आसपास येते आणि मीडियमची त्याहून दहा-अकरा किलो जास्त. ही सगळी खेच ब्रिज (टॉपवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी), टॉप आणि नेक रात्रंदिवस सोसत असतात, आपण वाजवत असू वा नसू.

गिटारवर ते दिसलंही. पंधरा दिवसांत बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २.५ मिलिमीटरवरून जवळजवळ ३ वर गेली. नेक पुढे वाकला होता. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्यापाशी बघितलं तर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट सहज डोळ्यांत भरत होती. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक कमी-जास्त करणारी सळई, पाव फेरा आवळला, एक दिवस जाऊ दिला, मग ती पाव मिलिमीटरच्या आसपास आली. ट्रस रॉडला हात लावायचा तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, हे मी आवर्जून सांगेन.

नटचं, म्हणजे नेकच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या हाडाच्या पट्टीचं, दुखणं वेगळंच निघालं. तिसरी तार सुरात आणताना खुंटी फिरवावी तर आधी काहीच होत नसे, आणि मग एकदम ‘टिंग’ आवाज होऊन सूर उडी मारत असे. जाड तार खाचेत अडकून बसत होती. पेन्सिलीचं शिसं घासून पाहिलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी तिसऱ्या तारेची खाच कानसून रुंद करून घेतली. ही घाई मला पुढे भोवली, कारण काढलेलं हाड परत बसवता येत नाही. जाड तारा कायमच्या ठेवायच्या हे नक्की ठरल्याशिवाय नटला कानस लावू नका.

पण मीडियम सेट उतरवायला लावला तो बहिणीने. एका संध्याकाळी ती गाता गाता थांबली आणि म्हणाली, “दादा, तू वाजवायला लागलास की मला माझेच खालचे सूर ऐकू येत नाहीत.” त्याच रात्री फोन खोलीत एका जागी ठेवून आमचं दोघांचं रेकॉर्डिंग केलं. तिचं म्हणणं खरं होतं. पाचवी आणि सहावी तार तिच्या आवाजाखाली सतरंजीसारखी पसरण्याऐवजी वर येऊन आवाज झाकत होती. सगळ्यात वाईट होता सहाव्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी.

त्याचं कारण गिटारच्या पोटात आहे. अकॉस्टिक गिटारच्या पोकळीचा आपला एक सूर असतो, बहुतेक गिटारींत ९० ते ११० हर्ट्झच्या आसपास, आणि तो जी आहे ९८ हर्ट्झचा. साउंडहोलजवळ तोंड नेऊन खर्जात गुणगुणत हळूहळू वर सरकलो, तर एका जागी गिटार अचानक हुंकार देते. माझ्या जम्बोत ती जागा अगदी जीला लागून होती. म्हणजे खालचे सूर उचलून धरायला पोकळी स्वतःच तयार बसलेली असताना मी तिथे आणखी जाड तारा लावल्या होत्या. जिथे मुळातच मुबलक आहे तिथे भर घातली, आणि जिथे कमी पडत होतं तिकडे लक्षच दिलं नाही.

मग अर्थातच दुसऱ्या टोकाला गेलो. ११-५२, ज्याला कस्टम लाइट म्हणतात. हाताला स्वर्ग. बार कॉर्ड लोण्यासारखी दबायची, तार ओढून सूर चढवणं सोपं झालं, बोटांनी वाजवताना प्रत्येक तार सुटी ऐकू यायची. ताण उतरल्यामुळे नेक उलट मागे गेला आणि पहिल्या तीन फ्रेटवर सहावी तार घासायला लागली, म्हणून ट्रस रॉड पाव फेरा सैल केला. तिसरी तार मात्र मोकळी वाजवली की झणझणायची. मीडियममधल्या २६ साठी रुंद केलेल्या खाचेत २२ ची तार सैल बसत होती. कानसलेल्या नटची किंमत ती हीच. खाचेत तात्पुरता कागदाचा कपटा घालून दिवस काढले.

दीड महिन्यात ११ चं कोडंही उलगडलं. बोटांनी वाजवताना छान, पण पिक घेऊन जरा जोर केला की आवाज वाढायचाच नाही, नुसता करकरायचा. जम्बोला हात मोकळा सोडून वाजवण्यात जो आनंद आहे तोच निघून गेला. ज्यांचं सगळं वाजवणं बोटांचं आणि हलक्या हाताचं आहे, त्यांनी मात्र माझ्या बोलण्यावरून ११ सोडू नये. जम्बोवर त्या चालत नाहीत हा समज खरा नाही.

तिसरा सेट १२-५३. खरं तर गिटार हातात आली तेव्हा हाच होता, पण मेलेल्या तारांवरून मी त्याला नापास केलं होतं. तारांची तुलना करायची तर नव्या तारांचीच करावी, आणि पहिल्या दोन दिवसांतली नाही. नवी कोरी तार फार चकचकीत बोलते. मी प्रत्येक सेटचं रेकॉर्डिंग चौथ्या दिवशी केलं, तेच पिक, तेच गाणं, फोन त्याच जागी. १२ वर तीन महिने राहिलो आणि बहुतेक सगळं जुळलं. नेक सरळ, उंची पुन्हा २.५, तिसऱ्या तारेची झणझण जवळपास गेली, बहिणीची तक्रार नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. कुणी मला एकच उत्तर मागितलं तर साधारण जम्बोला १२-५३ लावून सुरुवात करा, असंच सांगेन.

एक गोष्ट मात्र रेकॉर्डिंगमध्ये सारखी खटकायची. पहिल्या दोन तारा पातळ. अंतऱ्यात पहिल्या तारेवर एखादी छोटी सुरावट घेतली की ती त्या मोठ्या आवाजाच्या मागे कुठेतरी पुसट ऐकू यायची. तेव्हा वाटलं, धातू बदलून पाहू. फॉस्फर ब्राँझच्या जागी ८०/२० ब्राँझ लावल्या, त्या जास्त उजळ बोलतात म्हणून. बेस उजळला खरा, पण पहिल्या दोन तारा होत्या तशाच. का, ते दोन्ही पाकिटं शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं. पाकिटावर ब्राँझ कुठलंही लिहिलेलं असो, ते वेढे फक्त खालच्या चार तारांवर असतात. पहिली आणि दुसरी ही निव्वळ पोलादी तार. तिथे ब्राँझ नाहीच, त्यामुळे बदलणार काय? त्या दोन तारांना वजन द्यायचं तर जाडी वाढवणं हाच उपाय हातात उरतो.

म्हणून सुट्या तारा आणल्या, १३ आणि १७, आणि लाइट सेटमधल्या १२ आणि १६ बाजूला ठेवल्या. दोन तारांनी मिळून ताण जेमतेम सव्वातीन किलोंनी वाढला. ट्रस रॉडला हात लावावा लागला नाही. बार कॉर्डमध्ये थोडा फरक कळतो, पण मीडियमची ती कळ नाही, कारण जास्त ताणाच्या तारा तिसरी, चौथी आणि पाचवी, आणि त्या लाइटच राहिल्या. आवाजात झालेला बदल पहिल्याच संध्याकाळी बहिणीने न सांगता ओळखला. सुरावट आता पुढे येते, गोल येते, आणि खालचा जी आपल्या जागी राहतो. या जोडणीला आता चार महिने होत आले.

‘लाइट टॉप, मीडियम बॉटम’ नावाचा तयार सेट मिळतो, त्यात बरोबर उलटं असतं. पहिल्या दोन तारा १२ आणि १६, आणि खाली ५६ पर्यंत जाड. बेस कमी असलेल्या लहान अंगाच्या गिटारला, किंवा बेसच्या धावत्या सुरांवर चालणाऱ्या वादनाला तो शोभेल. घुमणाऱ्या जम्बोला मी तो लावणार नाही.

मीडियम सेटला न्याय द्यायचा तर दोन गोष्टी. गायकासाठी गिटार कायम अर्धा सूर खाली लावत असाल, तर १३ ची तार साधारण ११ किलोंवर उतरते, म्हणजे नेहमीच्या सुरातल्या १२ च्या अगदी जवळ. पूर्ण सूर खाली लावलीत तर ती १२ पेक्षाही हलकी लागते. तिथे मीडियमच हव्यात, नाहीतर तारा लोंबतात. आणि स्केल २४.७५ इंच असेल तर त्याच तारांचा ताण सहा टक्के कमी पडतो, तेव्हा १३ सुसह्य होऊ शकतात.

गिटार जुनी किंवा हलक्या ब्रेसिंगची (टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांची) असेल, तर मात्र आधी बनवणाऱ्याने कुठलं गेज सांगितलं आहे ते बघा. तारा आणि ब्रेसिंग यांचं नातं फार जुनं आहे. १९४४ मध्ये मार्टिन कंपनीने आपल्या गिटारींचे ब्रेस कोरून हलके करणं थांबवलं, कारण वाजवणारे फार जाड तारा चढवत होते. अंगाचा आकार कितीही मोठा असला तरी खेच झेलतं ते आतलं लाकूड. ब्रिजच्या मागे टॉप फुगलेलं दिसत असेल किंवा ब्रिजखाली कागदाची कड सरकत असेल, तर जाड तारांचा विचारच नको.

माझ्या गिटारच्या केसमध्ये एक कागद असतो, प्रत्येक सेट कधी लावला आणि बाराव्या फ्रेटवर उंची किती होती ते लिहिलेला. सध्याचा सेट सातव्या आठवड्यात आहे. सहावी तार आता मंद बोलते, चौथीवर दुसऱ्या फ्रेटपाशी वेढा चपटा झालेला नखाला लागतो. रविवारी बदलणार आहे, आणि कागदावर पुन्हा तेच आकडे येतील: १३, १७, २४, ३२, ४२, ५३.