डबल ट्रॉली, दोन खेपा की पिकअप? कांदा मार्केटला नेण्याआधी

माझा भाचा निफाड तालुक्यात शेती करतो. उन्हाळ कांदा चाळीतून, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमधून, काढायची वेळ आली तेव्हा त्याचा फोन आला. "मामा, साठ क्विंटल माल आहे. शेजारच्याची ट्रॉली मागून घेतो आणि आपल्या ट्रॉलीला मागं अडकवतो. एका डिझेलमध्ये काम होतं." दोन मिनिटांनी पुन्हा फोन. "नाहीतर पिकअपला हूक बसवून मागं छोटी ट्रॉली लावली तर? मोबाइलवर बघितलं, तिकडं पिकअपमागं दोन-दोन ट्रेलर ओढतात."

मी स्वतः ऊस हंगामात दोन वर्षं डबल ट्रॉली चालवली आहे. म्हणून त्याला फोनवर हो किंवा नाही सांगून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. जे त्याला सविस्तर सांगितलं तेच इथं लिहितो. लासलगाव, पिंपळगाव, येवला, चांदवड, उमराणे, कुठल्याही मार्केटला माल नेणाऱ्याला हाच प्रश्न पडतो.

आधी पिकअपचं संपवू, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. मोबाइलवर दिसतात ते व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथं काही राज्यांत पिकअपमागे दोन ट्रेलर चालतात, काही राज्यांत साफ बंदी आहे, आणि एकूण लांबी किती असावी हेही राज्यागणिक बदलतं. जिथं चालतं तिथं बहुधा पहिल्या ट्रेलरचं पुढचं वजन पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर टेकवलेलं असतं. अवजड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ड्रायव्हरने पेडल दाबलं की तेही लागतात. आपल्याकडची दीड टन माल नेणारी पिकअप चार चाकांवर तेवढाच माल नेण्यासाठी पास झालेली असते. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून तिच्या चासीला हूक मारून घेणं म्हणजे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करणं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 विनापरवानगी असा बदल करू देत नाही. कलम 182अ प्रमाणे त्यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा त्या हुकाकडेच बोट दाखवणार. तेव्हा पिकअपला एकही ट्रॉली नको, दोनची तर गोष्टच सोडा.

उरतात तीन मार्ग. आपल्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून एक खेप, एकच ट्रॉली घेऊन दोन खेपा, किंवा भाड्याची पिकअप.

डबल ट्रॉलीच्या बाजूने बोलणाऱ्याचं गणित सरळ असतं. डिझेल कमी, ड्रायव्हरचा एकच दिवस मोडतो आणि सगळा माल एकाच लिलावात निघतो. हे खोटं नाही. भाव चढा असेल त्या दिवशी सगळा माल नेण्याची घाई मलाही कळते. पण या गणितात ब्रेक कुठंच नसतो. गावाकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात, आणि आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. म्हणजे मागे कितीही माल असो, थांबवायचं काम त्या दोन मोठ्या टायरनीच करायचं.

मी भाच्याला कागदावर हिशोब करून दाखवला. ट्रॅक्टर दोन टनांचा, मागच्या चाकांवर त्यातलं 1.4 टन वजन. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या 0.6 पट. माल भरलेली प्रत्येक ट्रॉली चार टनांची, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस क्विंटल कांदा आणि बाकी लोखंड. वेग ताशी 20 किलोमीटर. सपाट रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबल्यावर एक ट्रॉली असेल तर सुमारे 11 मीटरमध्ये थांबते आणि डबल ट्रॉली सुमारे 19 मीटरमध्ये. इथपर्यंत कुणी म्हणेल, एवढा फरक चालतो. आता वीसाला एक उतार घ्या, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. एक ट्रॉली साडेसतरा मीटरमध्ये थांबते. डबल ट्रॉलीला 46 मीटर लागतात. बाराला एक उतार असेल तर टायरची सगळी पकड उताराची ओढ रोखण्यातच संपते आणि डबल ट्रॉली व्यवहारात थांबतच नाही. ड्रायव्हरला भान येईपर्यंत जाणारं अंतर यात धरलेलं नाही. पाऊस पडून गेला असेल किंवा रस्त्यावर वाळू सांडलेली असेल तर पकड आणखी घटते.

म्हणून सपाट रस्त्यावर "आजवर काही झालं नाही" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला उतार भेटलेला नसतो. निफाड, विंचूर, लासलगाव हा पट्टा बऱ्यापैकी सपाट आहे. पण उमराण्याकडून चांदवडमार्गे पिंपळगावला यायचं तर मधे राहुड घाट आहे. सिन्नरहून नाशिककडे यायचं तर मोहदरी घाट आहे. आणि घाटच लागतो असंही नाही, पुलावर चढून उतरणारा साधा रस्ताही पुरतो.

माझ्यावर तशीच वेळ आली होती. पाटाच्या पुलावरून खाली उतरताना पुढे एक बैलगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला, मागच्या दोन्ही चाकांनी जागेवर घासायला सुरुवात केली, पण गाडी पुढे जातच राहिली. मागचा ऊस मला ढकलत होता. ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे वळायला लागला तसा मी ब्रेक थोडा सोडला आणि डाव्या बाजूच्या शेतात गाडी घातली. माणूस वाचला, बैल वाचले, कुणाचा तरी हरभरा गेला. ब्रेक दाबून धरला असता तर ट्रॉलीने ट्रॅक्टरला आडवं करून उलथवलं असतं. त्या हंगामानंतर मी दुसरी ट्रॉली जोडली नाही.

वजनाखेरीज आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. दोन चाकी ट्रॉली असेल तर तिचा पुढचा भार दांड्यावरून ट्रॅक्टरच्या हुकावर येतो आणि त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना उलट जास्त पकड मिळते. आता हिच्याच मागे दुसरी दोन चाकी ट्रॉली अडकवली की तिच्या दांड्याचा भार पहिलीच्या शेपटीवर पडतो. पहिलीची चाकं मधे, शेपूट खाली दाबली जाते आणि तोंड वर उचलू पाहतं, तराजूसारखं. म्हणजे ब्रेक लावणाऱ्या चाकांवरचा भार नेमका हवा तेव्हा कमी होतो. वरच्या हिशोबात मी एक ट्रॉली असो की दोन, मागच्या चाकांवर सारखंच वजन धरलं, प्रत्यक्षात डबल ट्रॉलीची स्थिती त्याहून वाईट असते. पहिली ट्रॉली चार चाकी असेल तर हा धोका बराच कमी. पण खड्डा चुकवायला ट्रॅक्टर जरा झुकवला की पहिली ट्रॉली थोडी आणि दुसरी त्याहून जास्त झोकांडते, हे चार चाकीतही टळत नाही. शेजारून मोटारसायकल जात असेल तर तिला ते कळायला वेळही मिळत नाही. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते, तेही वेगळंच. आणि दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेणं जवळपास अशक्य. मार्केटच्या आवारात रांग चुकली तर पिन काढून एकेक ट्रॉली हलवावी लागते, मागे शंभर गाड्या हॉर्न वाजवत असताना.

आता कायद्याचं. "कारखान्याला सर्रास डबल ट्रॉली जाते, मग चालतच असणार" हा समज मी कित्येकांकडून ऐकला. सर्रास दिसणं आणि कागदोपत्री बसणं यात फार अंतर आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. म्हणजे प्रत्येक ट्रॉलीचं स्वतंत्र पासिंग (आरटीओकडची नोंदणी), स्वतंत्र नंबर आणि विम्यात तिची नोंद लागते. गावातल्या शेडवर बनवून घेतलेली, कधीच पासिंग न झालेली ट्रॉली रस्त्यावर आणली की ती एक असली तरी बेकायदेशीर. शेजाऱ्याची मागून आणलेली ट्रॉली असेल तर आधी तिची आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, बघा, मग टायर बघा.

वजनाची मर्यादा आरसीवर लिहिलेली असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये आहेत. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत आणि उतरवण्याचा खर्च आपलाच. सुट्टा कांदा रस्त्याच्या कडेला उतरवायची वेळ आली तर भाव पडण्याआधीच आपला माल पडला म्हणायचा. फाळक्यांवर वरून फळ्या लावून ढीग रचायची सवय आहे, तिथेच वजन हाताबाहेर जातं. मार्केटचा वजनकाटा आणि आरसी एकदा शेजारी ठेवून बघा, बऱ्याच जणांना धक्का बसेल.

विम्याचं मात्र मनावर घ्याच, कारण दंड हजारांत असतो आणि नुकसानभरपाई लाखांत. शेतीचा ट्रॅक्टर नियमाप्रमाणे मालवाहतुकीची गाडी धरली जात नाही, तो बिगर-परिवहन वाहन म्हणून पास होतो. स्वतःचा शेतमाल नेणं यात बसतं. पण गावातल्या चौघांचा कांदा भाडं घेऊन नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी त्यावरच हात वर करते. ट्रॉलीची नोंद पॉलिसीत नसेल तरी तेच. आणि कांदा भरायला आलेल्या बाया-माणसांना मालावर बसवून नेणं तर कुठल्याच पर्यायात करू नका. ट्रॅक्टरला ड्रायव्हरची एकच सीट आहे, मडगार्डवर किंवा ट्रॉलीवर बसलेल्यांची भरपाई द्यायला विमा कंपन्या नकार देतात आणि कोर्टातही तो अनेकदा टिकतो. मजुरांना रिक्षाने न्या.

लायसन्सबद्दल बरेच गोंधळ आहेत, त्यातला एक मिटला आहे. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहनही चालवू शकतो. म्हणजे पिकअप त्यात सहज बसते.

भाड्याच्या पिकअपचं पारडं इथं जड होतं. चारही चाकांना ब्रेक, मालवाहतुकीचं पासिंग, अपघाताची जबाबदारी गाडीमालकाच्या विम्यावर, आणि वेगही चांगला. सकाळचा लिलाव गाठायचा असेल आणि मार्केट लांब असेल, किंवा वाटेत घाट असेल, तर मी डोळे झाकून पिकअप सांगेन. तोटा असा की साठ क्विंटलला चार पिकअप लागतात आणि भाडं रोख जातं. ओव्हरलोडचा मोह तिथंही असतोच. दीड टनाच्या गाडीत पंचवीस क्विंटल भरून देणारा ड्रायव्हर आपल्यावर उपकार करत नसतो.

मार्केट दहा-पंधरा किलोमीटरवर आणि रस्ता सपाट असेल तर एकच ट्रॉली आणि दोन खेपा. भाच्याला मी हेच सांगितलं. डिझेल जास्त जाईल हे खरं, पण दुप्पट वेळ जाईल ही भीती खरी नाही. शेजाऱ्याची ट्रॉली मागून आणायचीच आहे ना, मग आणा, पण ट्रॅक्टरमागे जोडू नका. चाळीजवळ उभी करा. पहिली ट्रॉली लिलावाला गेली की दुसरी भरत राहते. ट्रॅक्टर रिकामा परत आला की पिन बदलायची आणि निघायचं. भरण्यात जाणारे दोन-अडीच तास असे वाचतात. एका दिवसात दोन लिलाव मिळाले तर दोन वेगवेगळे भावही बघायला मिळतात. एका ढिगाला कमी भाव लागला म्हणून सगळा माल त्याच भावात जात नाही.

निघण्याआधी काही गोष्टी मी स्वतः हाताने बघतो, ड्रायव्हरवर सोडत नाही. ट्रॅक्टरचे डावा आणि उजवा असे दोन ब्रेक पेडल शेतात वेगळे वापरतात. रस्त्यावर येताना ते पट्टीने एकत्र जोडलेले हवेत, नाहीतर घाईत एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. हुकाच्या पिनीला खालून लॉक हवं, तारेचा तुकडा नको. पिनीशिवाय एक साखळीही बांधतो, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली मोकळी सुटत नाही. दोन चाकी ट्रॉलीत माल चाकांच्या थोडा पुढे जड ठेवतो, मागे जड झाला तर दांडा उचलतो. उतारावर न्यूट्रल कधीच नाही, चढताना जो गियर लागला असता तोच उतरताना. मागच्या फाळक्यावर लाल रेडियम पट्टी आणि दोन चालू दिवे. पहाटे चारच्या अंधारात मार्केटच्या रांगेत उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्याला शेवटच्या क्षणी दिसते. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला प्रवेशच नाही, तेव्हा सिन्नरकडच्यांनी तो रस्ता हिशोबात धरू नये.

भाच्याने शेजाऱ्याची ट्रॉली आणली. आरसी बघितली तर पासिंग होतं, विमा संपलेला. शेजाऱ्याने तो दुसऱ्या दिवशी भरला आणि मगच ती चाळीपासून हलली. पहिली खेप सकाळच्या लिलावात, दुसरी दुपारच्या. संध्याकाळी फोन आला तेव्हा तो चाळीत उरलेला गोल्टी, म्हणजे बारीक, कांदा निवडत होता.